दोन लुगडी आणि सहा पिशव्या

“प्लास्टिकच्या पिशव्या आहेत का?” असं तिने विचारलं आणि मी “नाही” म्हणालो. आमच्या गाडीत तेव्हा सहा होत्या.

गोष्ट फेब्रुवारी २०२५ मधली. ठिकाण नमंगा, केनिया आणि टांझानियाच्या हद्दीवरचं गाव. आम्ही तिघं नगरला इंजिनिअरिंग करताना एकाच खोलीत राहिलेलो. त्यातला एक आता नोकरीसाठी नैरोबीत असतो, म्हणून हा बेत जमला. छपरावर तंबू असलेली एक फोर बाय फोर भाड्याने घेतली. ड्रायव्हर नाही, गाइड नाही. आपणच चालवायची, आपणच स्वयंपाक करायचा. नैरोबीहून नमंगा साधारण १६० किलोमीटर, रस्ता चांगला, आणि गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने. पहिला तासभर मला नगर-मनमाड रोडवर असल्यासारखंच वाटत होतं. नंतर रस्त्याच्या कडेला जिराफ दिसला आणि ते वाटणं संपलं.

विमानतळावर माणूस सीमा ओलांडतो तेव्हा त्याला ते कळतही नाही. एका एसी हॉलमधून दुसऱ्या एसी हॉलमध्ये जातो, एवढंच. गाडीने ओलांडताना मात्र सीमा अंगावर येते, कारण माणसांबरोबर गाडीलाही पलीकडे जायचं असतं आणि तिचे कागद आपल्याहून जास्त असतात. भाड्याची गाडी देशाबाहेर न्यायचं परवानगीपत्र, लॉगबुकची प्रत, पलीकडच्या देशात चालणारा ‘यलो कार्ड’ विमा, आणि टांझानियाच्या बाजूला काढायचा तात्पुरत्या आयातीचा परवाना. म्हणजे गाडी तुम्ही तिथे विकणार नाही, परत नेणार, याची लेखी हमी. माणसांसाठी पासपोर्ट, टांझानियाचा ई-व्हिसा, पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड आणि आरटीओने दिलेलं आंतरराष्ट्रीय लायसन्स. मी या सगळ्याची एक फाइल केली होती, रंगीत सेपरेटर लावून. मित्र हसले. पण मी रोज सॉफ्टवेअरमध्ये जे काम करतो ते जवळपास हेच आहे: एका सिस्टिममधून दुसऱ्या सिस्टिममध्ये जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे कागद तपासणं.

नमंगाला २०१८ च्या डिसेंबरपासून दोन्ही देशांची चौकी एकाच छताखाली आहे. टांझानियात जाताना थेट टांझानियाच्या बाजूच्या इमारतीत जायचं. तिथे एका खिडकीवर केनियाचा अधिकारी ‘गेला’ असा शिक्का मारतो आणि शेजारच्या खिडकीवर टांझानियाचा ‘आला’ असा. दोन खिडक्यांमध्ये चार पावलांचं अंतर. त्या चार पावलांत तुम्ही कुठल्या देशात असता, असा प्रश्न मला पडला होता. मागच्या ट्रकवाल्याला तो पडलेला दिसला नाही.

सगळे शिक्के झाले. अधिकारीण गाडीपाशी आली. वयाने माझ्या आईएवढी. पासपोर्टवरचं जन्मस्थान वाचायचा तिने दोनदा प्रयत्न केला, “अहमद... नगर?” (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण पासपोर्ट जुना.) मग हसली आणि पिशव्यांचा प्रश्न विचारला. मी नाही म्हणालो. “करिबू,” ती म्हणाली. स्वाहिलीत या म्हणजे ‘या, स्वागत आहे’. गाडीत डोकावलीसुद्धा नाही.

आता त्या सहा पिशव्यांविषयी. आईने चिवडा, शेंगदाण्याची चटणी, बेसनाचे लाडू आणि दोन प्रकारच्या शेवा दिल्या होत्या. एकात एक अशा दुकानाच्या पातळ पिशव्यांत, वर तिची खास गाठ, जी दातांनीच सुटते. टांझानियाने १ जून २०१९ पासून अशा पिशव्यांवर बंदी घातली आहे. बाहेरून येणाऱ्याने त्या प्रवेशाच्या जागीच जमा करायच्या. हे मला माहीत होतं. आदल्या रात्री तंबूत पडल्या पडल्या मी ते मोबाइलवर वाचलं होतं. केनियात तर ही बंदी २०१७ पासूनच आहे. आणि आपल्याकडे? महाराष्ट्रात २०१८ पासून. म्हणजे त्या पिशव्या निघाल्या तिथूनच बेकायदा होत्या.

मग खोटं का बोललो? दंडाची भीती होती असं म्हणता आलं असतं. पण ‘आहेत, हे घ्या’ असं सांगणाऱ्याला दंड होत नाही, त्या पिशव्या ठेवून घेतात, एवढंच. खरं कारण फार क्षुल्लक आहे. मागे रांग होती, चिवडा ओतायला दुसरं भांडं वर काढलेलं नव्हतं, आणि तीन शिक्षित तरुणांनी सीमेवर बसून आईच्या गाठी दातांनी सोडायच्या याची लाज वाटली. दहा मिनिटांची लाज वाचवण्यासाठी मी दुसऱ्या देशाच्या दारात पहिला शब्द खोटा बोललो.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी मी मित्रांनाही त्या दिवशी सांगितली नाही. आमचं गाव नेवासा तालुक्यात. आमच्या गोठ्यातली एक गाय मी बारावीत असताना मेली. आठ दिवस रवंथ बंद, पोट फुगलेलं. डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा आतून पिशव्यांचा गोळा निघाला, गुरफटून दोरखंडासारखा झालेला. तो बादलीत मावला नव्हता. ती बादली मी धरली होती. तेव्हा ‘प्लास्टिकने काय होतं ते ठाऊक नव्हतं’ ही पळवाट जगातल्या बऱ्याच लोकांना असेल, मला नव्हती.

गाडी पुढे निघाली तशी मी मित्रांना पणजीची गोष्ट सांगितली. आता कळतं, ती मी स्वतःची बाजू भक्कम करायला सांगितली.

आमच्या भागात एक सीमा होती, हे आमच्या वयाच्या फार कमी लोकांना माहीत असतं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर नगर इंग्रजांकडे गेलं. गोदावरीपलीकडचा गंगापूर, पैठणचा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे राहिला. बऱ्याच ठिकाणी नदी हीच हद्द. अलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया, पलीकडे निजामाचा हाली सिक्का. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. पलीकडच्या जकात खात्याचं नाव करोडगिरी. मालावर जकात, नाक्यावर शिपाई, झडती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि आज नगरहून संभाजीनगरला जाताना प्रवरासंगमच्या पुलावर तुम्ही पॉडकास्ट न थांबवता ती हद्द ओलांडता. पण रेष होती तेव्हाही दोन्ही काठांवर भाषा तीच होती, देव तेच होते, आणि मुली इकडून तिकडे नि तिकडून इकडे दिल्या जात होत्या.

माझ्या आजीची आई, म्हणजे पणजी, पलीकडची. सासर अलीकडे. वर्षातून एकदा माहेरी जायची. तिच्या आईला लुगडं न्यायचं तर ते नगरच्या कापडबाजारातलं, कारण तिथलं कापड टिकतं असं तिचं ठाम मत. नाक्यावर नव्या कापडावर जकात मागायचे, असं आजी सांगते. म्हणून पणजी दोन लुगडी एकावर एक नेसून नदी उतरायची. आत नवं, वर जुनं. शिपाई विचारायचा, “नवं कापड काही?” पणजी म्हणायची, “नाही.” तेव्हा सहा-सात वर्षांची आजी तिचं बोट धरून उभी असायची आणि तिला हसू आवरायचं नाही. ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक लग्नात सांगितली जाते. पणजी हुशार, पणजी धाडसी.

मित्र म्हणाले, “मग तू पणजीवर गेलास.” तिघंही हसलो. समोर लोंगिडोचा डोंगर दिसायला लागला होता.

पण दोन्ही ‘नाही’ सारखे आहेत का? हा प्रश्न मला नंतरचे दहा दिवस पुरला. सफारीत गाडी चालवणाऱ्याला विचार करायला फार वेळ मिळतो.

खोटं कधी बोलावं याबद्दल दोन जुनी टोकं आहेत. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७९७ मध्ये एक छोटा निबंध लिहिला. तुमचा मित्र तुमच्या घरात लपलाय, मारेकरी दारात येऊन विचारतोय, तरी तुम्हाला खोटं बोलायचा हक्क नाही, असं तो त्यात म्हणतो. उलट टोक आपल्या महाभारतात, कर्णपर्वात आहे. कौशिक नावाचा ब्राह्मण, कायम खरं बोलायचं व्रत घेतलेला. लुटारूंनी विचारलं, लोक कुठे पळाले? त्याने खरं सांगितलं, लोक मारले गेले, आणि कौशिक नरकात गेला. कृष्ण ही गोष्ट अर्जुनाला सांगतो. म्हणजे प्रश्न विचारणारा कोण आणि उत्तराचं तो काय करणार, हे बघून बोल.

मी कौशिकाच्या बाजूला बसलो, कारण तिथे पणजीला जागा मिळते. तिच्या गावाच्या मधून रेष गेली ती तिला न विचारता. तिने सीमा गाठली नव्हती, सीमा तिच्यापर्यंत चालत आली होती. जकातीचा पैसा कुठे जातो हे विचारायची तिला सोय नव्हती. आईला लुगडं नेणं हा व्यापार नाही. तिच्या खोट्याने कोणाचं काय गेलं? निजामाचे काही आणे.

मग मी स्वतःला त्याच बाकावर बसवून पाहिलं. पहिला युक्तिवाद असा: सीमा ही मुळातच अन्यायाची गोष्ट. जोसेफ कॅरेन्स नावाच्या अभ्यासकाने १९८७ मध्ये लिहिलं की श्रीमंत देशाचं नागरिकत्व हे जुन्या काळच्या सरंजामी हक्कासारखं आहे, जन्माने मिळतं आणि जन्मभर पुरतं. मला ते पटतं. अमेरिकेच्या व्हिसासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या कोणालाही पटेल. तर मग अशा व्यवस्थेच्या दारात खरं बोलायचं बंधन कशाला?

हा युक्तिवाद अरुषापर्यंत टिकला. साधारण ११० किलोमीटर. मग लक्षात आलं की मी दोन वेगळे नियम एकात मिसळतोय. ‘आत कोणी यायचं’ हा रेषेचा नियम. ‘आत आल्यावर कसं वागायचं’ हा घराचा नियम. पणजीला जो विचारला गेला तो रेषेचा प्रश्न होता; रेष नसती तर जकातही नसती. मला विचारला गेला तो घराचा प्रश्न, फक्त रेषेवर उभं करून विचारलेला. उद्या जगातल्या सगळ्या सीमा पुसल्या तरी टांझानियातल्या गुरांच्या पोटात प्लास्टिक जाऊ नये हा नियम लागेलच. आपणही घरी येणाऱ्याला चपला बाहेर काढायला सांगतो. त्यात अन्याय काय? याच कांटने १७९५ मध्ये आणखी एक गोष्ट लिहिली होती: पृथ्वी गोल आहे, जागा मर्यादित आहे, म्हणून प्रत्येकाला परक्या भूमीत पाहुणा म्हणून जाण्याचा आणि तिथे शत्रूसारखी वागणूक न मिळण्याचा हक्क आहे. भेटीचा हक्क, मुक्कामाचा नाही. तो हक्क मला नमंगात पुरेपूर मिळाला होता, हसून मिळाला होता.

आणि ज्यांच्या अंगावरून ती रेष खरंच गेलीय ते लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसत होते. नमंगात मसाई बायका मण्यांच्या माळा विकत गाड्यांच्या खिडक्यांपाशी येतात. मसाई केनियातही आहेत आणि टांझानियातही. १८८६ मध्ये इंग्रज आणि जर्मनांनी आपापसात करार करून समुद्रापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत एक रेष ठरवली. नकाशावर ती जवळजवळ सरळ आहे, फक्त किलिमांजारोपाशी वळसा घेते, कारण डोंगर जर्मनांकडे ठेवायचा होता. मसाईंना कोणी विचारलं नाही. ती आखणारे दोघंही गेले, रेष राहिली.

ती किती खरी आहे याचा एक हिशेब सांगतो. २०१७ मध्ये चरत पलीकडे गेलेली केनियाच्या मसाईंची सुमारे १,३०० गुरं टांझानियाने जप्त करून लिलावात विकली. आमच्या घरी एक गाय गेली तर वडील दोन दिवस नीट जेवले नव्हते. त्याच रेषेवरून दरवर्षी दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट सेरेंगेटीतून मसाई माराकडे जातात आणि परत येतात. त्यांचे फोटो काढायला आपण लाखो रुपये खर्चतो. माणसांना मात्र ती वाटही बंद आहे: १९७७ मध्ये दोन देशांचं बिनसलं तेव्हा टांझानियाने सीमा बंद केली. इतर ठिकाणची ती पुढे १९८३ मध्ये उघडली, पण सेरेंगेटी आणि मारा यांच्यामधलं नाकं पर्यटकांसाठी उघडलंच नाही. म्हणून तर आम्ही एवढा वळसा घालून नमंगाहून आलो. म्हणजे एकाच रेषेवर विल्डबीस्टला काहीच विचारलं जात नाही, मसाईच्या गायीचा लिलाव होतो, आणि पुण्याहून आलेल्या इंजिनिअरला ५० डॉलरच्या व्हिसावर हसून आत घेतात. या तिघांत खोटं बोलायची सगळ्यात कमी गरज कोणाला होती, हे सांगायला नको.

चौथ्या दिवशी आम्ही सेरेंगेटीच्या नाबी हिल फाटकापाशी थांबलो. तिथे टेकडीखाली बसून जेवता येतं. परवाने काढायला एक मित्र आत गेला, मी लाडू काढले. गाठ सुटेना म्हणून पिशवी फाडली. वारा होता. वरची पिशवी हातातून सुटली, बाकावरून घसरली, एका झुडपाला दोन क्षण अडकली आणि मग मैदानावर निघून गेली. पांढरी होती, बराच वेळ दिसत राहिली. विल्डबीस्टच्या विणीचे दिवस होते, खाली गवतात नजर जाईल तिथवर माद्या आणि पिल्लं. उद्यानात ठरावीक जागा सोडून गाडीतून उतरायला मनाई आहे, तेव्हा मागे धावणं शक्य नव्हतं. मी दुर्बिणीतून तिच्याकडे बघत राहिलो. सिंह बघायला आणलेली दुर्बीण.

त्या पिशवीने काही झालं असेलच असं नाही. पण झालं नसेल असंही मला म्हणता येत नाही, आणि मी ती बादली धरलेला माणूस आहे. उरलेल्या पाच पिशव्या मी बुटात कोंबल्या आणि परतताना नमंगाच्या चौकीत कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. ती अधिकारीण त्या दिवशी नव्हती. असती तर मी काही बोललो असतो का, कुणास ठाऊक.

गावी आल्यावर आजीला हे सगळं सांगितलं. तिला गाढव आणि झेब्रा यांत फार फरक वाटला नाही, पण नाक्याची गोष्ट तिने नीट ऐकली. मला वाटलं ती हसेल. मी म्हणालोही, “पणजीसारखंच केलं गं.”

“आईसारखं कसं?” ती म्हणाली. “त्या शिपायाला ठावं व्हतं की.”

“काय?”

“आरं, वैशाखात दोन लुगडी कोण नेसतं? आई नदी उतरून वर यायची तर घामानं भिजून जायची. तो बघायचा नि म्हणायचा, बाई, ऊन लई हाय, लवकर जा. त्याची बहीण आमच्याच गावात दिली व्हती.”

एवढी वर्षं ही गोष्ट सांगितली जातेय आणि हा भाग आमच्यापर्यंत आलाच नव्हता. कदाचित त्याने पणजीचं धाडस कमी होतं म्हणून. पण माझ्या दृष्टीने गोष्टच बदलली. पणजीने त्याला फसवलं नव्हतं. दोघांनी मिळून वरच्या कोणाला तरी फसवलं होतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं. त्याने प्रश्न विचारायचा, तिने ‘नाही’ म्हणायचं, हा दोन शेजाऱ्यांनी रेषेभोवती काढलेला रस्ता होता. मी ज्या बाईशी बोललो तिला माझ्या गाडीत काय आहे हे माहीत नव्हतं. तिने फक्त माझा शब्द घेतला होता. तिच्याकडे स्कॅनर होता की नाही, मी पाहिलंही नाही. तिने तो वापरला नाही, एवढं खरं. आमच्या धंद्यात बाहेरून आलेल्या डेटावर कधीच विश्वास ठेवायचा नाही, हा पहिला नियम असतो. तो का असतो, तर बाहेर माझ्यासारखे लोक असतात म्हणून.

मागच्या महिन्यात आजीला तिच्या मामाच्या नातवाच्या लग्नाला घेऊन गेलो, पलीकडे गंगापूर तालुक्यात. प्रवरासंगमच्या पुलावर आल्यावर तिने नाक्याची जागा दाखवायला काच खाली करायला लावली. तिला ती सापडली नाही. जायकवाडी धरण झाल्यापासून इथे पाणी फुगून राहतं, जुने काठच पाण्याखाली गेलेत. “इथंच कुठंतरी,” म्हणाली. मग मांडीवरची पिशवी माझ्याकडे दिली. घरच्या देवांचं निर्माल्य, आईने गाठ मारून दिलेलं, गोदावरीत सोडायला.

मी गाडी कडेला घेतली. मागून एका ट्रॅक्टरने हॉर्न वाजवला, उसाची ट्रॉली होती. गाठ सुटेना. शेवटी दातांनी सोडली, फुलं काढून घेतली आणि पिशवी परत गाडीत आणली.

“फुलं बी नदीत कशाला?” आजी म्हणाली. “लिंबाखाली टाकू.”

“मग थांबायला का लावलंस?”

“तू थांबलास,” ती म्हणाली. “चल, मुहूर्त गाठायचाय.”